हरलेल्याचं कार्ड

गाण्यातली एखादी ओळ चांगली की वाईट, हे ठरवायचं असलं की भागिनाथ ती रानात न्यायचा. म्हणजे डोळे मिटायचा, ओळ एकदा मनाशी म्हणायचा आणि निकाल द्यायचा. "टिकती." नाहीतर, "नाय टिकत, उडाली." त्याच्या गावच्या, पिशोरच्या माळावर वारा सुटलाय, राखायच्या मेंढ्यांशिवाय आसपास कुणी नाही, अशा वेळी जी ओळ मोठ्यानं म्हणायला लाज वाटते ती खोटी, असा त्याचा कायदा होता. चिकलठाण्याच्या कारखान्यात लेथवर उभं राहून त्याला तेव्हा दहा वर्षं होत आली होती, पण रान काही त्याच्यातून निघालं नव्हतं.

मी त्याच कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर. कोण किती मिनिटं उशिरा आला हे लिहिणारा माणूस कुणाला आवडत नाही, त्यामुळे मला मित्र कमी. भागिनाथशी जमलं ते त्याच्या घोंगडीमुळं. ही घोंगडी तो कारखान्यातल्या कपाटात घडी करून ठेवायचा आणि तिच्या वासाची तक्रार माझ्याकडं आली होती. मी विचारायला गेलो तर म्हणाला, "मास्तर, इथं समद्यांच्या घामाचा वास चालतो, एकल्या मेंढीचा चालत नाय व्हय?" माझं अक्षर चांगलं म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. तक्रारीचं पुढं मी काही केलं नाही.

खुर्ची असली तरी तो तिच्यावर उकिडवा बसायचा. चालताना दोन्ही हात मानेमागं न्यायचा, तिथं आडवी काठी असल्यासारखे. पाळी संपून लेथ बंद केली की तिच्या अंगावर हात ठेवून "बस आता, बाई" म्हणायचा. पहिल्या पगारातून त्यानं खांद्याला अडकवायचा रेडिओ घेतला होता. गाण्यांचे शब्द त्याला अंतऱ्यांसकट पाठ असत, पण चालीशी त्याला देणंघेणं नव्हतं. तो गाणं म्हणायचा नाही, सांगायचा.

आमची बैठक सुट्टीच्या दिवशी सकाळी क्रांती चौकाजवळच्या एका हॉटेलात बसायची. चार माणसं. भागिनाथ, मी, स्टोअरमधला दिगंबर आणि फिटर हबीब. आठवड्यात ऐकलेल्या गाण्यांतली सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट ओळ कोणती, यावर आम्ही भांडायचो. खरं भांडण भागिनाथ आणि हबीब यांचंच. दिगंबर शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूनं हात वर करायचा, त्यामुळे दोघांचाही जीव शेवटी बोलण्यात अडकलेला असे आणि चहा निवून जाई.

हबीबचा कायदा उलटा होता. "ओळ सच्ची है के झूठी, ये पोलीस पूछते," तो म्हणायचा. "अपन ये पूछना, के दिल कू लगी क्या." शहागंजच्या मागच्या एका गल्लीत तो वाढला होता. पातळ मिशी, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलताना दोन बोटं हवेत धरायची सवय, जणू शब्द चिमटीत पकडलाय.

एकदा आम्ही चौघं सिनेमाला गेलो. पडद्यावर नायिका मेंढपाळ झालेली, दगडावर बसून चंद्राकडं बघत विरहाचं गाणं म्हणत होती. शब्द हबीबच्या आवडीचे, त्याचे डोळे भरले होते. तेवढ्यात भागिनाथ अंधारात उभा राहिला आणि सगळ्या थेटराला ऐकू जाईल असं म्हणाला, "आगं बाई, चंद्राकडं काय बगतीस, मेंढ्याकडं बग. गेल्या त्या उसात." खरंच, तिच्या मागं मेंढ्या हळूहळू पडद्याबाहेर निघाल्या होत्या. अख्खं थेटर हसलं. हबीब त्याच्याशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी येऊन म्हणाला, "मान लिया. पर तेरे कू मेंढ्या दिखे, मेरे कू वो दिखी. नुकसान किसका?"

आमच्या भांडणाला एक शिक्षा होती. रेडिओवर दुपारी फर्माइशीचा कार्यक्रम लागायचा. लोक पोस्टकार्डावर गाणं आणि खाली आपली नावं लिहून पाठवत, आणि गाणं लागण्याआधी ती सगळी नावं वाचली जात. आमच्यात जो हरेल त्यानं, आपण ज्या गाण्याला नावं ठेवली त्याच गाण्याची फर्माइश करायची, आणि सगळ्यांत पहिलं नाव आपलं घालायचं. कार्ड मी लिहायचो. पेटीत मात्र हरलेल्यानंच स्वतःच्या हातानं टाकायचं. ज्याला ती ओळ भिकार वाटते त्याच्याच आवडीची म्हणून सगळ्या मराठवाड्यात जाहीर व्हायची. एकदा हबीबच्या नावानं मिरचीच्या ठेच्यावरचं एक अचाट गाणं लागलं, तर त्याच्या गल्लीत महिनाभर लोक त्याला "ठेचा लेको आए क्या" असं विचारत होते. रझिया भाभी, म्हणजे हबीबची बायको, तर त्याच्या डब्यात रोज न चुकता ठेचा देऊ लागली.

भागिनाथचं नाव मात्र रेडिओवर फार कमी वेळा पहिलं लागलं. हरणं त्याला येतच नव्हतं.

आता त्या ओळीकडं येतो. त्या वर्षी एक सिनेमा आला आणि आठवडाभरात उतरलाही. त्यातल्या एका गाण्यात एक म्हातारी बाई म्हणते, "जो गया वो गया ही कहाँ, अब तलक रास्ते में है." हबीब ही ओळ घेऊन आला आणि म्हणाला, आजपर्यंत लिहिलेल्या सगळ्या ओळींत ही वरची. भागिनाथनं डोळे मिटले. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. मग म्हणाला, "ही समद्यात वाईट. मेंढी लांडग्यानं नेली तर नेली. ती काय रस्त्यात नसती. आसं म्हणून माणूस वाट बगत बसतं, आन् ऱ्हायलेल्या मेंढ्या पण जात्यात."

हे भांडण पाच-सहा बैठका चाललं. दिगंबर दर वेळी हात वर करायचा, खाली घ्यायचा. शेवटी एका सकाळी हबीबनं बोटं हवेत धरली नाहीत. हात टेबलावर ठेवून तो साध्या आवाजात बोलला.

"पोलीस ॲक्शन हुई तब मैं पाँच साल का था. बडा भाई था, यूसुफ. हालात खराब थे. अम्मी कू बोला, हैदराबाद जाको देखता, काम लगा तो तुमकू बुला लेता. गया. खत नहीं, खबर नहीं. अम्मी तीस बरस जी उसके बाद. कोई पूछे तो बोलती, रास्ते में है. कभी नहीं बोली के गया. अब ये गाना लिखनेवाला मेरी अम्मी कू मिला था क्या, बोल."

दिगंबरनं हात वर केला नाही. भागिनाथ खुर्चीवरून खाली उतरला, नीट उभा राहिला आणि म्हणाला, "हारलो."

मी तिथंच कार्ड लिहिलं. गाणं, सिनेमा, आणि खाली नावं. चिकलठाण्याहून भागिनाथ, हबीब, दिगंबर आणि मी. कार्ड भागिनाथनं शर्टाच्या खिशात घातलं.

त्याच आठवड्यात हबीब पाळीवर चक्कर येऊन पडला. मूत्रपिंडं गेली होती. सरकारी दवाखान्यात काही दिवस काढून डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, आणि भाभीला बाजूला घेऊन, फार तर पंधरा दिवस, असंही सांगितलं. घरी आल्यावर हबीबनं पहिली गोष्ट मागितली ती रेडिओ. उशीपाशी ठेवला आणि रोज दुपारी फर्माइशीच्या वेळी कान लावून बसायला लागला. भागिनाथचं नाव पहिलं लागणार, आणि तेही त्या ओळीसाठी. तो भाभीला म्हणायचा, "ये सुने बगैर मैं किधर जाता नहीं."

भागिनाथ रोज पाळी संपली की थेट त्याच्याकडं जायचा. अंगणातल्या बाजेच्या कडेला उकिडवा बसायचा. मी असायचो कधीमधी. संवाद रोज तोच.

"लागलं का?"

"नहीं रे."

"लागंल. ढीग आसतो तिथं कार्डांचा."

पंधरा दिवस गेले. महिना गेला. हबीब सुकत चालला होता, पण उठून बसत होता, दुपार झाली की भाभीला रेडिओ लाव म्हणत होता. डॉक्टर आश्चर्य करत होते. दुसरा महिना सरत आला तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या कुठल्याच कार्डाला इतका वेळ लागला नव्हता. मी भागिनाथच्या कपाटाशी गेलो. तो कपाट उघडून घोंगडी काढत होता, आणि घडीतून ते कार्ड खाली पडलं. माझंच अक्षर.

"भागू, हे काय?"

त्यानं कार्ड उचललं, पुसलं, परत घडीत ठेवलं. मला राग आला होता. मला वाटलं, हरल्याची लाज म्हणून यानं मरत्या माणसाची फर्माइश दाबून ठेवली. मी तसं बोललोही. त्यानं ऐकून घेतलं. मग कपाटाला पाठ लावून खाली बसला.

"मास्तर, मेंढी आजारी पडली ना, की ती बसती. आन् एकदा बसली की गेली. मंग माझा बाप काय करायचा, तिचं कोकरू तिच्यापुढं बांधायचा. दोन हात लांब. लुचू द्यायचा नाय. ते वरडतंय, हिला दिसतंय, पर पोचता येत नाय. मंग ती उठती. दिस दिस उभी ऱ्हाती. मी बगितलंय. कोकरू लुचलं, की ती बसती. म्हून सोडायचं नाय."

मला वाटलं होतं तसं काही नव्हतं. लाज नव्हती, हट्टही नव्हता. रानात जे एकदा टिकलेलं त्यानं पाहिलं होतं, ते त्यानं शहागंजच्या गल्लीत आणून लावलं होतं. आणि मला खरं सांगायचं तर त्या क्षणी ते मलाही पटलं. डॉक्टरांनी पंधरा दिवस म्हटले होते आणि हबीब दोन महिने उभा होता. मी ते कार्ड त्याच्या हातातून घेऊन गेटबाहेरच्या पेटीत टाकू शकलो असतो. हरलेल्यानंच टाकायचं, हा पोरकट नियम मी त्या वेळी मनाशी पुढं केला आणि गप्प बसलो. त्याचं ओझं माझं मला आहे.

पुढच्या आठवड्यात हबीबला बसवेना. आम्ही दोघं गेलो तेव्हा दुपार उलटून गेली होती, रेडिओवर बातम्या चालू होत्या. त्यानं भागिनाथचा हात धरला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"भागू, सच बोल. कार्ड डाला ना तू?"

"टाकलंय."

"कसम?"

"टाकलंय म्हनलं ना."

हबीब हसला. मला ते हसू अजून दिसतं. म्हणाला, "तो फिर रास्ते में है."

बाहेर आल्यावर गल्लीच्या तोंडाशी भागिनाथनं भिंतीला हात टेकला. मला म्हणाला, "उद्या टाकतो." दुसऱ्या दिवशी त्यानं टाकलं नाही. का, हे मी विचारलं. म्हणाला, "आज टाकलं तर तो बसंल." तिसऱ्या दिवशी दुपारी, फर्माइशीच्याच वेळी, हबीब गेला. भाभीनं रेडिओ बंद केला तेव्हा दुसऱ्याच कुणाची तरी नावं वाचणं चालू होतं.

मयतीला भागिनाथनं खांदा दिला, मूठ मूठ माती दिली. कब्रस्तानातून लोक परत फिरले तसा तो एकटाच वेगळ्या वाटेनं निघाला. मी मागं गेलो. कारखान्यातून तो सरळ आला होता, घोंगडी खांद्यावर होती. क्रांती चौकातल्या लाल पेटीशी येऊन त्यानं घडीतून कार्ड काढलं आणि आत टाकलं. पेटीच्या तोंडात हात तसाच ठेवून उभा राहिला. येणारीजाणारी माणसं बघत होती.

महिनाभरानं ते लागलं. मी कॅन्टीनमध्ये होतो. निवेदिकेनं त्या गोड, घाई नसलेल्या आवाजात नावं वाचली, चिकलठाण्याहून भागिनाथ, हबीब... आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला. समोर भागिनाथ बसला होता. तो उठला आणि हात न धुता बाहेर गेला. गाणं संपेपर्यंत तो शेडच्या मागं उन्हात उभा होता.

एवढ्यावर ते संपलं असतं तर त्याला झेपलं असतं असं मला वाटतं. पण संध्याकाळी भाभीचा निरोप आला, दोघांनी या. गेलो. तिनं आम्हाला चहा दिला. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता.

"भागूभाई, लगा देखो," ती म्हणाली. "देर से लगा, पर लगा. लोगां बोल रहे थे, कार्ड डालाच नहीं होंगा. मैं बोली, नहीं, भागूभाई बोले तो डाले. वो आखरी तक बोलते थे, रास्ते में है. कितना सच बोले. तुम्हारा एहसान है."

भागिनाथनं तोंड उघडलं. मला कळलं, तो आता सांगणार. पण ती त्याच्याकडं अशा काही नजरेनं बघत होती की त्यानं कप उचलला आणि चहा प्यायला. चटका बसला असणार, कारण वाफ निघत होती.

त्यानंतर आमची बैठक बसली नाही. भागिनाथनं रेडिओ दिगंबरला देऊन टाकला. लेथ बंद करताना बोलणं थांबलं. ईदच्या दिवशी तो शहागंजला गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि परत फिरायचा, हे मला दिगंबरकडून कळलं. काही वर्षांनी कारखान्यातलं आमचं शेड बंद झालं, तेव्हा इतर लोक गेटवर घोषणा देत होते, आणि हा घोंगडी खांद्यावर टाकून पिशोरच्या गाडीला बसला. परत मेंढ्या घेतल्या, एवढंच ऐकलं.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते पिशोरच्या आठवडी बाजारात. एका लग्नाला गेलो होतो. स्टँडकडं येताना एक म्हातारा दोन्ही हात मानेमागच्या आडव्या काठीवर टाकून मेंढ्यांमागून येताना दिसला. आता काठी खरोखरच होती. मला बघून तो हसला नाही. नुकताच सुटलेला धागा उचलावा तसं म्हणाला, "मास्तर, भाभी हाय ना?"

"आहे. लेकीकडं असते."

"तू सांगितलंस का तिला?"

"नाही."

"मी पण नाय." त्यानं मेंढ्यांकडं पाहिलं. "तिनं एहसान म्हनलं. ते उतरत नाय. रातंदिस ते एकच ऐकू येतंय. हबीब नाय येत सपनात, भाभी येती. चहा घेऊन येती." मग म्हणाला, "कार्ड हाय का तुझ्यापाशी?"

नव्हतं. स्टँडवरच्या पोस्टातून आणलं. गुडघ्यावर ठेवून मी लिहिलं, तो सांगत गेला. पहिलं नाव त्यानं आपलं घालायला लावलं, फर्माइशीसारखं. "पिशोरहून भागिनाथ. भाभी, हबीबचं कार्ड मी त्याच्या मयतीनंतर टाकलं. तो जित्ता आसताना ते माझ्या घोंगडीत होतं. मला वाटलं, त्यानं तो ऱ्हाईल." पुढं काय, असं मी विचारलं. म्हणाला, "बस. एवढंच खरं हाय." भाभीची लेक मराठी शाळेत शिकलेली, तिला वाचता येईल, म्हणून मी तिचा पत्ता लिहिला. मी कार्ड टाकायला निघालो तसं त्यानं ते माझ्या हातातून घेतलं.

"हारलेल्यानं टाकायचं," तो म्हणाला.

माझी बस लागली होती. खिडकीतून बघितलं तर तो पोस्टाच्या पेटीसमोर उभा होता. मेंढ्या रस्ता ओलांडून भाजीवाल्यांच्या पाटीत तोंड घालत होत्या, बायका ओरडत होत्या, आणि तो, मेंढ्याकडं बघ म्हणून भर थेटरात ओरडणारा माणूस, वळून पाहत नव्हता. कार्ड धरलेला हात पेटीच्या तोंडाशी होता. बस वळली तेव्हाही तो तिथंच होता.

त्याच हिवाळ्यात भागिनाथ गेल्याचं कळलं. ते सांगायला मी भाभीकडं गेलो. ती रडली आणि म्हणाली, "ऐसा सच्चा आदमी नहीं मिलता." तिला कार्ड पोचलं होतं आणि तरीही ती हे म्हणत होती, की पोचलंच नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. लेक समोरच बसली होती. तिला विचारणं अगदी सोपं होतं. मी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही, आणि कुणी विषय काढलाच तर मी म्हणतो, पिशोरहून निघालंय, रस्त्यात असेल.